ताक, दही, आंबील आणि पोटातले जिवाणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर निपाणीकडचं. म्हणजे एका घरात भात आणि नाचणी, दुसऱ्या घरात जोंधळा. हळदी-कुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, वर्ग सुटल्यावर दाराशी थांबणाऱ्या पालकांकडून आंबवलेल्या पदार्थांबद्दल तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र करून उत्तरं दिली आहेत. उत्तर देताना एक गोष्ट मी दरवेळी आधी बघते : जिवाणू तोंडात जाताना जिवंत आहे की नाही. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

प्रोबायोटिक म्हणजे नेमकं काय? घरच्या दह्याला प्रोबायोटिक म्हणायचं काय?

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 साली याची व्याख्या केली. पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. यात तीन अटी आहेत : ते जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि त्यांचा फायदा माणसांवर तपासून दिसलेला हवा.

घरच्या दह्यात पहिल्या दोन गोष्टी असतात. चांगल्या लागलेल्या दह्याच्या एका चमच्यात कोट्यवधी जिवंत जिवाणू असतात. पण तुमच्या विरजणातला वाण (म्हणजे जिवाणूचा नेमका उपप्रकार) कुठला आणि त्याने कुणाचं काय बरं केलं, हे कुणी तपासलेलं नसतं. आपल्याकडे गावोगाव ताकदीचे गडी असतात, पण आखाड्यात उतरून कुस्ती मारल्याशिवाय त्यांना कुणी पैलवान म्हणत नाही. तसंच हे आहे. शास्त्राच्या भाषेत घरचं दही म्हणजे जिवंत जिवाणू असलेलं आंबवलेलं अन्न. ते अन्न म्हणून उत्तम आहे. त्याला औषधाचं नाव देण्याची गरज मला वाटत नाही.

दह्यात कुठले जिवाणू असतात?

बहुतेक घरांत लॅक्टोकॉकस लॅक्टिस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, ल्युकोनोस्टॉक आणि लॅक्टोबॅसिलसचे काही प्रकार एकत्र नांदतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आंबटपणा वाढला की हा आकडा उतरतो) 6.6 च्या आसपास असतो. तो 4.6 कडे उतरला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरतं आणि दही जमतं. कुठल्या घरात कोण वरचढ हे त्या घराच्या विरजणावर, दुधावर आणि हवेवर ठरतं. म्हणून मावशीच्या दह्याची चव आईच्या दह्याला येत नाही.

या जिवाणूंचा अभ्यास तसा फार जुना नाही. 1905 मध्ये स्टामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन डॉक्टरने तिकडच्या दह्यातला जिवाणू वेगळा काढला. पुढे एली मेचनिकॉफ यांनी दह्याचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला. त्यांना 1908 चं नोबेल मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. हे दोन्ही एकत्र करून सांगणारे बरेच लेख फिरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एक सूचना : 2020 मध्ये लॅक्टोबॅसिलस कुळाची मोठी वाटणी झाली. लॅक्टोबॅसिलस प्लान्टारमला आता लॅक्टिप्लान्टिबॅसिलस प्लान्टारम म्हणतात. पाकिटावर दोनपैकी कुठलंही नाव दिसलं तरी जिवाणू तोच.

आंबील तर आपण शिजवतो. मग तिच्यातले जिवाणू मरत नाहीत काय?

मरतात. या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मात्र एका शब्दात बसत नाही.

सौंदत्तीच्या यल्लम्माला आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य असतो, त्यामुळे सीमाभागात मराठी घर असो की कन्नड, मार्गशीर्षात आंबील होतेच. इकडे आंबील, तिकडे अंबली. करण्याच्या पद्धती मात्र दोन आहेत आणि फरक त्यातच आहे.

सासूबाई आदल्या संध्याकाळी जोंधळ्याचं किंवा नाचणीचं पीठ मडक्यात पाण्यात कालवून ठेवतात. सकाळी झाकण काढलं की कडेला बारीक बुडबुड्यांची रांग दिसते. वर पाणी निवळलेलं असतं, खाली पीठ बसलेलं. वास आंबूस पण स्वच्छ, नाकाला टोचत नाही. ते ढवळून उकळत्या पाण्यात सोडायचं आणि गुठळी होऊ न देता शिजवायचं. इथे रात्रभर वाढलेले जिवाणू जवळपास सगळे मरतात. मग आंबील खाली उतरवून पूर्ण निवू द्यायची आणि त्यानंतर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, वरून बारीक चिरलेला कांदा. या ताकाबरोबर जिवंत जिवाणू परत आत येतात.

माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरी पीठ ताकातच भिजवतात आणि ताकासकट उकळतात. चवीला ती आंबील छान लागते, पण तिच्यात जिवंत असं काही उरत नाही. हाताशी ताक असेल तर थोडं मागे ठेवा आणि आंबील निवल्यावर घाला.

रात्रभर आंबवल्याचा फायदा उकळल्यावरही टिकतो. धान्यात फायटिक आम्ल असतं. ते लोह, जस्त, कॅल्शियम धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. आंबवताना ते कमी होतं. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा ते अंगी लागणं महत्त्वाचं. जोडीला कोंडा आणि कच्चा कांदा-लसूण हे तुमच्या आतड्यात आधीच राहणाऱ्या जिवाणूंचं खाणं. एका वाटीत इतकं सगळं देणारा दुसरा पदार्थ मला आपल्या भागात दिसत नाही.

इडली, डोसा, आंबोळी?

पीठ फुगवण्याचं काम मुख्यतः ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस करतो. तो आम्लाबरोबर वायूही सोडतो, म्हणून पीठ वर येतं. वाफेवर किंवा तव्यावर तो मरतो. आंबवण्याने पचन सोपं होतं, चव येते, पण इडलीतून प्रोबायोटिक मिळतात हे खरं नाही. आंबोळीबरोबर दही किंवा ताकातली चटणी घ्या, म्हणजे तीही बाजू भरून निघते.

कढी?

उकळली की जिवाणू गेले. मठ्ठा प्या.

लोणच्यात जिवंत जिवाणू असतात काय?

आपल्या कैरीच्या लोणच्यात फारसे नाहीत. तेल, मीठ, मोहरी आणि कैरीचं आम्ल यांच्या जोरावर ते टिकतं. तिथे जिवाणूंना वाढूच द्यायचं नसतं. नुसत्या मिठाच्या पाण्यात आठवडाभर मुरवलेली गाजरं, मुळा, मिरची यांत लॅक्टिक आम्लाचे जिवाणू वाढतात. पण बीपी असलेल्यांनी मीठ मोजावं. दिवसाचं एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते एका लहान चमच्याएवढं होतं.

थंडीत दही लागत नाही. काय चुकतं?

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. पौषात पहाटे ओट्यावरचं पाणी हाताला झोंबतं. अशा वेळी ओट्यावर झाकून ठेवलेलं दूध रात्रभर तसंच राहतं, यात नवल नाही.

दूध नीट उकळा. मग करंगळी बुडवा. दहापर्यंत मोजेस्तोवर बोट आत आरामात राहिलं पाहिजे. चटका बसला तर विरजण मरेल, गार लागलं तर सुस्तावेल. अर्ध्या लिटरला एक लहान चमचा विरजण पुरतं. उन्हाळ्यात त्याच्या निम्मं. विरजण आधी दोन चमचे दुधात फेटून घ्या आणि मग सगळ्या दुधात मिसळा, नाहीतर ते एका जागी गोळा होऊन बसतं आणि दही तळाशी आंबट, वर पाणचट होतं. भांडं घोंगडीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात खुपसा. माझी आई वैलावर ठेवायची. भाकऱ्या झाल्यानंतरची ऊब पहाटेपर्यंत पुरायची. एकदा झाकल्यावर हलवू नका. दही जमलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. तिथे जिवाणू मरत नाहीत, फक्त त्यांचं काम मंदावतं.

दह्याला तार येत असेल तर घाबरू नका. काही वाण चिकट साखर तयार करतात, त्याने तसं होतं. गुलाबी, केशरी किंवा हिरवा डाग दिसला, कुजका वास आला, तर मात्र सगळं टाका. वरचं काढून खालचं वापरू नका.

मिरचीच्या देठाने दही लागतं हे खरं काय?

खरं आहे. झाडपाल्यावर लॅक्टिक आम्लाचे जिवाणू राहतातच, मिरचीच्या देठावरही असतात. आमच्याकडे संकेश्वरी मिरचीचे सात-आठ देठ कोमट दुधात टाकतात. पहिलं दही पातळ, जरा कडवट निघतं. ते खायचं नाही. त्याचंच विरजण लावून दुसरं, मग तिसरं. तिसऱ्या खेपेला जमतं. देठ स्वच्छ हवेत, बुरशी लागलेले नकोत.

पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर?

कल्हई असेल तर थोडा वेळ चालतं. कल्हई उडाली असेल तर कळकतं. ताकाचं आम्ल तांबं ओढून घेतं आणि त्या ताकाने मळमळ, उलटी होते. मडकं, काच, स्टील वापरा. कल्हईवाले आता गल्लीत क्वचित येतात, म्हणून हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त गंभीर झालाय.

रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खाल्ला तर?

खानापूर भागात अनेकांची न्याहारी हीच होती. माझी आजी ताक, मीठ आणि भाजलेली सुकी मिरची घेऊन तो खायची. भात पाण्यात असताना आम्ल तयार होतं आणि ते वाईट जंतूंना थोपवतं. धोका असतो तो त्याआधी. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू (त्याचं कवचातलं सुप्त रूप) भात शिजवूनही मरत नाहीत, आणि गरम भात तासन् तास तसाच झाकून राहिला तर तो जंतू वाढून विष तयार करतो. मग तो भात पुन्हा गरम करूनही उपयोग नाही. तेव्हा उरलेला भात लवकर निववा, पिण्याच्या पाण्यात पूर्ण बुडवा, थोडं ताक घाला आणि सकाळीच संपवा. दुपारपर्यंत ठेवू नका.

दूध पचत नाही, पोट फुगतं. दही चालेल काय?

बहुतेकांना चालतं. ज्या थोड्या बाबतींत पुरावा अगदी पक्का आहे, त्यांतली ही एक. दह्यातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात आणि उरलेला पोटात गेल्यावर फोडायला मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 मध्ये हा दावा मान्य केला. अर्धी वाटी घेऊन सुरुवात करा.

आणखी कशात फायदा सिद्ध झालाय?

इथे मी हात राखून बोलते, कारण प्रत्येक वाणाचा हिशोब वेगळा आहे. एका वाणाने केलेलं काम दुसरा करेलच असं नाही.

ओडिशाच्या खेड्यांत झालेलं एक मोठं संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. 4,556 नवजात बाळांपैकी काहींना लॅक्टोबॅसिलस प्लान्टारमचा एक तपासलेला वाण आणि त्याचं खाद्य म्हणून एक साखर, असं सात दिवस दिलं. बाकीच्यांना दिसायला तसंच, पण जिवाणू नसलेलं. जंतुदोष किंवा मृत्यू यांचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. हे वाचलं त्या दिवशी मी वर्गात तासभर फक्त त्यावरच बोलले. प्लान्टारम आंबवलेल्या भाज्यांत आणि धान्यांत सर्रास सापडतो. पण याचा अर्थ बाळाला ताक किंवा आंबवणाचं पाणी पाजायचं असा मुळीच नाही. ती बाळं पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांची, अंगावर पिणारी होती आणि दिलेला वाण प्रयोगशाळेत शुद्ध केलेला होता. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध.

दुसरं 2021 चं, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातलं. 36 निरोगी माणसं, दहा आठवडे. ज्यांनी दही, केफिर (आंबवलेल्या दुधाचं एक पेय), आंबवलेल्या भाज्या असं भरपूर खाल्लं त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी 19 प्रथिनं कमी झाली. संशोधन छोटं आहे. तरी दिशा आशेची आहे, आणि यात गोळी नव्हती, ताटातलं अन्न होतं.

शुगर, वजन, सांधेदुखी, त्वचा यांवर दह्या-ताकाने उपचार होतो असं कुणी ठामपणे सांगत असेल तर तेवढा पुरावा आज नाही. शुगरची गोळी ताकावर सोडू नका. ही विनंती मी हात जोडून करते.

मुलाला जुलाब लागलेत. प्रोबायोटिकची पुडी द्यावी काय?

आधी ओआरएस. पाकीट एक लिटरचं असेल तर उकळून गार केलेल्या बरोबर एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट घाला, निम्मं निम्मं करू नका. जोडीला डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताची गोळी 14 दिवस. अंगावरचं दूध चालू ठेवा. खाणारं मूल असेल तर दहीभात, मऊ खिचडी द्या.

नात्यातल्या एका घरी दोन वर्षांच्या मुलाला जुलाब झाले. कुणीतरी सांगितलं म्हणून घरच्यांनी पुड्या आणल्या आणि ‘जिवाणूंचं औषध चालू आहे’ या भरवशावर दीड दिवस काढला. मी पोचले तेव्हा मुलाचे डोळे खोल गेले होते, रडताना पाणी येत नव्हतं आणि सकाळपासून लघवी नव्हती. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश खाली बसत होती. सलाईन लावावं लागलं. मूल वाचलं. घरात ओआरएसची तीन पाकिटं होती, डब्यात, न फोडलेली.

2018 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत, मिळून 1,800 हून अधिक मुलांवर, जुलाबात प्रोबायोटिक देऊन काही खास फरक दिसला नाही. पुडी दिली तर बहुधा नुकसान नाही, पण ती पाण्याची जागा घेऊ शकत नाही. रक्त पडत असेल, मूल पेंगत असेल, पीत नसेल, तर थेट दवाखाना.

अँटिबायोटिक चालू आहे. दही खाऊ की नको?

खा, पण औषधं कुठली ते विचारा. डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा गोळ्यांना दह्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं. त्यांच्यात आणि दह्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. काही प्रोबायोटिकने अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब कमी होतात. याउलट 2018 मध्ये इस्राएलमध्ये एक गोष्ट दिसली : अँटिबायोटिकनंतर अनेक वाणांचं प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू परत यायला जास्त वेळ लागला. म्हणून महिनोन् महिने कॅप्सूल घेत बसू नये, असं माझं मत आहे.

बाजारातलं ताक, दही, प्रोबायोटिकच्या बाटल्या घ्याव्यात काय?

फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं आणि थोड्या दिवसांत संपणारं ताक-दही बहुधा जिवंत असतं. दुकानात फ्रिजबाहेर महिनोन् महिने टिकणारं पाकिटातलं ताक गरम करून निर्जंतुक केलेलं असतं. ताक म्हणून प्या, जिवाणूंसाठी नको. ‘प्रोबायोटिक’ लिहायचं तर दिवसाच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवंत जिवाणू हवेत, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. वाणाचं पूर्ण नाव, संख्या, मुदत आणि साखर, एवढं लेबलवर वाचा. छोट्या गोड बाटल्यांत साखर किती असते ते बघून मुलांना रोज द्यायची की नाही हे ठरवा.

कुणी टाळावं?

केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, मोठ्या शिरेत नळी बसवलेले, अतिदक्षता विभागातले रुग्ण आणि वेळेआधी जन्मलेली बाळं यांना प्रोबायोटिकची कॅप्सूल किंवा पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. अशा रुग्णांनी घरचं दहीही विचारूनच खावं. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलं, तर त्यांच्यात मृत्यू जास्त झाले : 16 टक्के, दुसऱ्या गटात 6 टक्के. हे 2008 चं. जिवाणू जिवंत असतो, म्हणूनच तो नेहमीच निरुपद्रवी नसतो.

आणि धारोष्ण दूध कुणीच पिऊ नये. त्यातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा एक तापाचा आजार) आणि क्षय होऊ शकतो. न उकळलेल्या दुधाचं दहीही नको. घरची म्हैस असली तरी नको.

रोज किती खावं?

निरोगी माणसाने एक वाटी दही किंवा एक-दोन पेले ताक. ठराविक असा आकडा कुणी दिलेला नाही. एक दिवस भांडंभर खाण्यापेक्षा रोज थोडं बरं, कारण बाहेरून आलेले बहुतेक जिवाणू आतड्यात कायमचे राहत नाहीत. काही दिवसांत निघून जातात.

आमचं विरजणच बिघडलं. आता?

शेजारून मागून आणा. मराठी घरात विरजण म्हणा, कन्नड घरात हेप्पु म्हणा, चमचाभर सगळेच देतात. ज्या घरचं दही तुम्हाला आवडतं त्याच घरून आणा, कालचं ताजं, न ढवळलेलं. पहिल्या दिवशी वाटीभर दुधातच लावा, ते पूर्ण जमलं की दुसऱ्या दिवशी त्यातलंच, तिसऱ्या दिवशीही तेच. तुमच्या दुधात आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या उबेत ते रुळायला एवढा वेळ लागतो. चौथ्या दिवशी सगळ्या दुधाला लावा, आणि त्यातलं चमचाभर रोज आठवणीने वेगळं काढून ठेवा.